मेस्त्रींचा अंगठा

आपल्या उजव्या हाताच्या अंगठ्याची जावयासारखी बडदास्त ठेवणारा माणूस तुम्ही पाहिलाय का?

मी पाहिलाय. आमच्या मैसुरात, अग्रहाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं गॅरेज होतं. बोलता बोलता चार बोटं मिटायची, अंगठा नाकासमोर उभा धरायचा आणि म्हणायचं, "हा खोटं बोलत नाही. गिऱ्हाईक बोलेल, मीटर बोलेल. हा नाही बोलणार." नवख्या माणसाला वाटायचं, हे आपल्याला ठेंगाच दाखवतायत. कचेरीतले एक साहेब तर त्या रागात स्कूटर ढकलत परत गेले होते. संध्याकाळी आले की पुन्हा. जाणार कुठे?

सगळे त्यांना मेस्त्री म्हणत. आमच्याकडे गवंडी, सुतार, मोटारवाला, हाताचं काम जाणणारा कोणीही असो, तो मेस्त्रीच. त्यांचं खरं नाव रेशन कार्डावर आणि त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वैनींच्या, उखाण्यात, एवढ्या दोनच ठिकाणी होतं. मी शेजारीण. पलीकडच्या घरात राहणारी, मुलींच्या शाळेत फिजिक्स शिकवणारी. ते मला 'मिस' म्हणत आणि वैनी 'अक्का'.

आता अंगठ्याचं काम आधी सांगून टाकते, म्हणजे पुढे तुम्ही अडायचा नाहीत. इंजिनात एक नळकांडं असतं, त्यात पिस्टन खालीवर होतो. वरती प्लग असतो, तो ठिणगी पाडतो. मेस्त्री हा प्लग काढायचे, त्या भोकावर अंगठा दाबून धरायचे आणि दुसऱ्याला इंजिन हाताने फिरवायला लावायचे. पिस्टन वर आला की आतली हवा दाबली जाते आणि अंगठ्याला धक्का मारते. इंजिन तरणं असलं तर अंगठा उडतो. पिस्टनभोवतीच्या रिंगा झिजल्या असल्या तर हवा कडेने निसटते आणि धक्का मऊ लागतो. या धक्क्याला मेस्त्री 'दम' म्हणत. डोळे मिटून, मान जराशी तिरकी करून ते दम बघत, आणि वैद्याने नाडी सोडावी तसा हात काढून निकाल देत.

एकदा कृष्णराजनगरच्या एका भातगिरणीचं इंजिन मरायला टेकलं होतं. मालकाने नवं घ्यायचं ठरवलंही होतं. यांनी अंगठा लावला आणि म्हणाले, "दम आहे. नाक चोंदलंय." हवेच्या जाळीत भाताचा कोंडा अडकला होता. ही गोष्ट त्यांनी मला किती वेळा सांगितली ते विचारू नका. पहिल्यांदा मूठभर कोंडा निघाला होता, शेवटी शेवटी पोतं निघायला लागलं. मी काही बोलले तर म्हणायचे, "नोडी मिस, बघा, मी होतो तिथं. तुम्ही होता काय?"

अशा अंगठ्याला कांदा चिरायला लावायचा नाही, नारळ सोलायला लावायचा नाही. दररोज वैनी त्याला हळद घातलेलं खोबरेल चोळायच्या आणि चोळताना बडबडायच्या. "अक्का, लग्नात भटजींनी माझा हात यांच्या हातात दिला, तेव्हासुद्धा यांचा अंगठा बाहेर! चार बोटांनी लग्न लागलंय माझं." मेस्त्री त्यावर गंभीरपणे म्हणत, "गर्दी होती. कुणी दाबला असता."

बसमध्ये ते सगळ्यात मागच्या सीटवर बसायचे. पुढे बसलं की गिअरचा आवाज ऐकू येतो आणि जीव जातो, असं त्यांचं म्हणणं. एकदा नंजनगूडला जाताना त्यांना पुढे बसावं लागलं, तर अर्ध्या वाटेत ड्रायव्हरला म्हणाले, "अरे बाबा, तिच्याशी काय भांडण आहे तुझं?" आणखी एक त्यांचा नेम होता. इंजिन उघडं असताना ते कॉफी घेत नसत. मैसूरचा माणूस आणि कॉफीला नाही म्हणतो, म्हणजे विचार करा! "पोट फाडून ठेवायचं आणि कॉफी प्यायची? डॉक्टर पितो काय?" झालं. वैनी कप तसाच परत न्यायच्या.

मी त्यांना एकदा माझ्या वर्गावर बोलावलं होतं. इंजिनाचा धडा होता आणि फळ्यावर कितीही चौकोन काढले तरी पोरींच्या डोळ्यांत काही हलत नव्हतं. मेस्त्री आले. इस्त्रीचा शर्ट, कपाळाला गंध. फळ्याकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. टेबलापुढे उभे राहिले, दोन्ही हात छातीशी धरले आणि कन्नडात, कवायतीच्या मास्तरांसारखे ओरडले, "घे! दाब! ढकल! सोड!"

घे म्हणजे पेट्रोलची वाफ आणि हवा आत घेणं. दाब म्हणजे ती दाबणं. मग ठिणगी पडते, भडका उडतो आणि तो पिस्टनला खाली ढकलतो, त्या ढकलण्यावर गाडी चालते. सोड म्हणजे उरलेला धूर बाहेर टाकणं. "आणि हे घर दोन दारांचं आहे," मेस्त्री पोरींना म्हणाले. "एक घ्यायचं दार, एक सोडायचं. दार कधी उघडायचं आणि कधी लावायचं हे ज्याला कळलं, त्याला इंजिन कळलं. बाकी सगळं सुम्ने, उगाच." ही दारं म्हणजे व्हॉल्व, आणि त्यांच्या उघडझापेची वेळ म्हणजे टायमिंग. वर्षभर शाळेच्या जिन्यावर पोरी 'घे, दाब, ढकल, सोड' करत चढत होत्या. हेडमिस्ट्रेसबाईंनी मला बोलावून विचारलं, हे काय चाललंय? मी म्हटलं, फिजिक्स चाललंय.

टायमिंगच्या बाबतीत मेस्त्री फार सोवळे होते. इंजिनाच्या दोन चक्रांवर दोन खुणा असतात, त्या समोरासमोर आल्या पाहिजेत. खूण खुणेला लागली की ते त्या दोन्ही ठिपक्यांना कुंकू लावायचे आणि मगच झाकण बसवायचे. आयुधपूजेला तर गॅरेजचं लग्नघर व्हायचं. आमच्या मैसुरात दसऱ्याच्या आदल्या दिवशी राजवाड्यापासून पंक्चरच्या दुकानापर्यंत सगळे आपापली हत्यारं पुजतात. मेस्त्री केळीच्या पानावर लोखंडी पाने, पक्कड, हातोड्या मांडायचे, कोहळा फोडायचे, आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या अंगठ्याला गंधाचा टिळा लावायचे. गल्ली हसायची. ते नाही हसायचे. कारागिराने हत्यार पुजलं नाही, तर त्याने ते खाली ठेवलं असा आमच्याकडे अर्थ होतो.

मी निवृत्त झाल्यावर आयुष्यातली पहिली मोटार घेतली. बेंगळूरच्या माझ्या भाच्याची जुनी गाडी, पेट्रोल वाचवणारी. तिच्यात इंजिनाच्या जोडीला एक मोठी बॅटरी आणि विजेची मोटर होती. मेस्त्रींना पहिल्यांदा बसवून नेलं. ते मागे बसले हे सांगायला नकोच. पहिल्याच सिग्नलला इंजिन आपोआप गप्प झालं.

"बंद पडली!" मेस्त्री ओरडले.

"बंद नाही हो पडली. थांबलोय ना, म्हणून झोपलीय."

सिग्नल सुटला, गाडी आवाज न करता पुढे गेली आणि जरा वेग आल्यावर इंजिन जागं झालं. मेस्त्रींनी पुढे वाकून कान दिला. मग म्हणाले, "माझ्यापेक्षा शहाणी आहे. मला कुठे मधे झोप येते?" बॉनेट उघडून मी त्यांना जाड नारिंगी वायरी दाखवल्या, यांत जीवघेणी वीज असते म्हणून सांगितलं. त्यांनी लांबूनच नमस्कार केला. "हा नागोबा. याच्या बिळात आपण हात घालायचा नाही. बाकी घर आपलं." बॅटरीचा खटका काढल्याशिवाय ते त्या गाडीला कधीच शिवले नाहीत.

दोन वर्षं बरी गेली. मग एका पावसाळ्यात इंजिन जागं होताना गदगदा हलायला लागलं, हिवताप भरल्यासारखं. मेस्त्रींनी खटका काढला, प्लग काढले आणि अंगठा लावला. खाली बसून पान्याने इंजिन फिरवायला वैनी होत्या, त्यांना त्याची सवय होती. या इंजिनाला नळकांडी चार. एक झालं, दुसरं झालं, तिसरं, चौथं. मेस्त्रींचं तोंड उतरत गेलं.

"दमच नाही मिस. चारही गेली."

"चारही? एकदम?"

"रिंगा गेल्या. आधी हवा मागं पळते, फुस्स करून. ऐकू येतं मला. मग शेवटी जरासं ढकलल्यासारखं करते. म्हातारं झालंय इंजिन."

"अहो, भाच्याने जपून वापरलेली गाडी आहे."

अंगठा नाकासमोर आला. "हा खोटं बोलत नाही."

पुढे काय विचारणार? अंगठा बोलला म्हणजे संपलं. इंजिन उघडलं. तीन दिवस वैनी कॉफीचे कप परत नेत होत्या. चौथ्या दिवशी सकाळी मी गेले, तर मेस्त्री मोकळ्या नळकांड्यांपुढे उकिडवे बसलेले. आतली भिंत आरशासारखी लख्ख. कारखान्यात मारलेल्या बारीक तिरप्या रेघासुद्धा अजून तशाच. रिंगा हातात घेऊन ते फिरवत होते, आणि त्यांना कुठे ओरखडा म्हणून नव्हता.

"चांगल्या आहेत," ते म्हणाले.

मीही एक रिंग उचलून पाहिली.

"मिस, मी चांगलं इंजिन फोडलं."

एकदा उघडलंच म्हणून त्यांनी नव्या रिंगा घालून सगळं जसंच्या तसं जोडलं. खुणेला खूण लावली, कुंकू लावलं. रोग साधाच निघाला, एका प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल मेली होती. ती बदलली आणि गाडी पूर्वीसारखी शांत चालायला लागली. मी आनंदाने म्हटलं, झालं ना, मग आता काय? त्यांनी माझी चावी माझ्या हातात ठेवली, आत जाऊन हात धुतले आणि शटर खाली ओढलं.

मला वाटलं, दोन दिवस रुसतील. दोन आठवडे झाले. गिऱ्हाइकं शटर वाजवून परत जात होती. मेस्त्री घरात भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. नवरात्र बसलं तशा वैनी माझ्याकडे आल्या. हातात हळदीच्या तेलाची वाटी होती.

"अक्का, चोळू देत नाहीत. म्हणतात, त्याची कसली सेवा करतेस, तो खोटारडा निघाला. आणि यंदा आयुधपूजा नाही म्हणाले." वाटी खाली ठेवून त्या रडायलाच लागल्या. "हा माणूस काम सोडून जगायचा नाही अक्का. तुम्ही फिजिक्स शिकवता ना, मग शोधा की काहीतरी!"

फिजिक्सवरून माझी अशी कानउघाडणी कधी झाली नव्हती. मी रात्रंदिवस विचार केला असं सांगितलं तर तुम्हाला बरं वाटेल, पण मी भाजी निवडत विचार केला. रिंगा चांगल्या, म्हणजे हवा गळत नव्हती. तरी दाब कमी. न गळता दाब कमी कधी होईल? मुळात कोंडलेली हवाच कमी असेल तेव्हा. आणि हवा कोंडतं कोण? दार. मग मला मेस्त्रींचंच वाक्य आठवलं. आधी हवा मागं पळते, फुस्स करून. गळकी रिंग असली तर हवा खाली तेलाकडे पळते, मागं कशी पळेल? मागं पळायला घ्यायचं दार उघडं लागतं. पिस्टन वर यायला लागला तरी दार उघडंच होतं! भाजी तशीच टाकून मी भाच्याला फोन लावला. तो तिकडे मोटारींच्याच धंद्यात. म्हणाला, "हो मावशी, मुद्दामच तसं करतात. पेट्रोल वाचवायला."

मी कागद-पेन्सिल घेऊन मेस्त्रींच्या घरी गेले. ते भिंतीकडे तोंड करून पडलेले. मी त्यांच्या पाठीला शिकवायला लागले. तीस वर्षं मागच्या बाकांना शिकवलेल्या बाईला पाठीचं काय!

"मेस्त्री, जुन्या इंजिनात जेवढं अंतर दाबतात तेवढंच अंतर ढकलून मिळतं. बरोबर?"

पाठीने चादर ओढून घेतली.

"पण खाली पोचल्यावरही आतल्या गरम हवेत जोर शिल्लक असतो. तेवढ्यात सोडायचं दार उघडतं आणि तो जोर धुराबरोबर फुकट जातो. सायलेन्सरमधून फट् फट् आवाज येतो ना, तोच तो."

पाठीने खांदा उडवला. आवाज येतो हे ते मला सांगणार की मी त्यांना?

दाराशी बसलेल्या वैनी एकदम म्हणाल्या, "म्हणजे माझ्यासारखं झालं. रंग असताना हंडा ओतला."

आता तुम्हाला वैनींच्या हंड्याची गोष्ट सांगायला हवी. मेस्त्रींचं घर मूळचं रंगाऱ्यांचं. त्यांची आई घरी कापड रंगवायची. तिचा दंडक असा की हंड्यातला रंग संपल्याशिवाय पाणी मोरीत जाता कामा नये. पहिली गडद साडी निघाली की त्याच पाण्यात दुसरी फिकी, मग पंचे, मग उशांचे अभ्रे, मग नाड्या, असं करत पाणी निवळेपर्यंत. वैनी नव्या नवरी होत्या तेव्हा त्यांनी पहिली साडी काढली आणि हंडा ओतून मोकळ्या झाल्या. गल्लीतलं गटार कोपऱ्यापर्यंत लालभडक वाहिलं. "सगळ्या गल्लीला कळलं हो, यांच्याकडे उधळी सून आलीय म्हणून. अत्ती दोन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी." अत्ती म्हणजे सासूबाई.

मेस्त्री वळले. पंधरा दिवसांत पहिल्यांदा त्यांचं तोंड मला दिसलं.

"मग? नव्या इंजिनात काय करतात?"

"वैनींच्या सासूबाईंसारखं. कमी घेतात आणि पाणी निवळेपर्यंत वापरतात," मी म्हटलं. "घ्यायचं दार उशिरा लावतात. पिस्टन वर यायला लागतो तरी दार उघडंच. घेतलेल्यातलं थोडं परत जातं. मग दार लागतं आणि उरलेलंच दाबलं जातं. म्हणजे दाबायचं अंतर आखूड. पण भडका झाल्यावर ढकलतो मात्र पूर्ण अंतर, पार खालपर्यंत. घोटभर पेट्रोल, पण त्यातला जोर बराचसा कामी येतो."

मेस्त्री उठून बसले. दोन्ही हात छातीशी आले. "घे," ते हळू म्हणाले. "थोडं परत दे. दाब. ढकल... ढकल... ढकल. सोड." पुन्हा केलं. मग एकदम भुवया चढल्या. "पण मिस, कमी घेतलं म्हणजे जोर कमी. चढाला काय करेल? सिग्नलला उठणार कशी?"

"म्हणून तर तिला मोटर दिलीय. उठताना नागोबा हात देतो. आणि जास्त जोर लागला तर दार लवकर लावायची सोय आहे. दारं उघडणारा कॅम तेलाच्या दाबाने जरासा फिरवतात, चालता चालता."

"चालता चालता टायमिंग बदलतं?" ते माझ्याकडे अशा नजरेने बघायला लागले, जणू मी चामुंडी टेकडी उचलून पलीकडे ठेवली. "आम्ही मेलो ना खूण लावून लावून! आणि हिची खूण चालते?"

"चालते."

"अब्बा!" म्हणाले, आणि चप्पल शोधायला लागले.

त्याच दुपारी शटर वर गेलं. त्यांनी माझी गाडी पुन्हा उभी करायला लावली, खटका काढला, एक प्लग काढला. वैनी पाना घेऊन खाली बसल्या. मेस्त्रींनी अंगठ्याकडे जरा वेळ पाहिलं, मग तो भोकावर ठेवला आणि डोळे मिटले.

"फिरव. सावकाश... पिस्टन वर निघाला. हवा मागं चाललीय... फुस्स. दार उघडं आहे अजून. अजून उघडं... अजून... हां! आत्ता लागलं!" ते हसायला लागले. डोळे मिटलेलेच, आणि त्यांतून पाणी. "आता ढकलतोय मला. नोडी, कसा ढकलतोय! मिस, हा खरंच बोलत होता हो. चारही नळकांडी एका सुरात सांगत होती. मीच पुरतं ऐकून घेतलं नाही."

वैनी खालून म्हणाल्या, "मग आज तरी तेल चोळू का?"

त्या वर्षीची आयुधपूजा काही विचारू नका. माझ्या गाडीच्या चाकांखाली लिंबं, बॉनेटवर झेंडूचा हार, आणि नारिंगी वायरींच्या दिशेने लांबूनच टाकलेली फुलं. केळीच्या पानावर पान्यांच्या शेजारी मेस्त्रींनी माझ्या इंजिनातून काढलेल्या त्या चांगल्या रिंगा ठेवल्या. त्यांनाही कुंकू लावलं. नंतर त्या गॅरेजच्या दर्शनी खिळ्याला टांगल्या. कोणी विचारलं, या कशाच्या? की अंगठा वर. पण वाक्य बदललं होतं.

"मी एक चांगलं इंजिन फोडलंय. तुम्ही फोडू नका."

इतकं करून थांबले असते तर ते मेस्त्री कसले. रविवारी सकाळी वैनींनी दिलेली इडली खाऊन निघायचे आणि गॅरेजा-गॅरेजात जाऊन आपली चूक सांगायचे. बेळगोळच्या रस्त्याला गेले, कडकोळपर्यंत गेले. ओळख ना पाळख, आत शिरायचे आणि त्या माणसाच्या हातातलं काम थांबवून, "घे, थोडं परत दे, दाब, ढकल ढकल ढकल, सोड!" कोणी त्यांना चहा पाजला, कोणी वेड्यात काढलं. एकाने तर विचारलं, "आजोबा, दुकानाची जाहिरात करायला आलात की अब्रू घालवायला?" मेस्त्री म्हणाले, "अब्रू गेलीच की. आता ती फुकट जाऊ नये म्हणून आलो." मला हे घरी येऊन सांगताना त्यांना फार मजा वाटत होती. गिरणीचा कोंडा मागे पडला, आता हीच गोष्ट रोज. यातही पुढे पुढे मीठमसाला वाढला. माझ्या बापुड्या गाडीची त्यांनी मंत्र्याची गाडी करून टाकली.

मी एकदा चिडवलं, "मेस्त्री, चूक तरी खरी सांगा."

"चूक खरीच आहे मिस. गाडी जरा मोठी केली, म्हणजे लोक ऐकतात."

पुढे काही वर्षांनी ते गेले ते मार्गशीर्षात, सकाळी, आंघोळ करून गंध लावताना. गॅरेजात त्या दिवशी एकही इंजिन उघडं नव्हतं. वैनी पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत होत्या, "काही उघडं टाकून गेले नाहीत हो अक्का." मी नुसता त्यांचा हात धरून बसले. गॅरेज पुढे एका चष्मेवाल्याने घेतलं. रिंगा वैनींनी खिळ्यावरून काढून आणल्या, देवघराशेजारी ठेवल्या. आयुधपूजेला मी दरवर्षी जाते. वैनी त्या रिंगांना कुंकू लावतात आणि मला कॉफी देतात. मला त्या माणसाची फार आठवण येते, हे सरळ सांगून टाकते. तुम्ही त्यांना ओळखत असता तर तुम्हालाही आली असती.

मागच्या महिन्यात नंजनगूडहून परतताना कडकोळजवळ गाडी पुन्हा गदगदा हलायला लागली. रस्त्याकडेला एक गॅरेज होतं. मेकॅनिक चाळिशीचा, कपाळावर विभूती, बोलणं कमी. त्याने नारिंगी वायरी पाहिल्या, खटका काढला, प्लग काढला. आपल्या जोडीदाराला खाली बसवलं आणि भोकावर अंगठा ठेवला. मी दोन पावलं पुढे सरकले.

"दम कमी आहे," जोडीदार खालून कन्नडात म्हणाला. "उघडायचं का?"

"थांब रे. या जातीच्या गाड्यांत दार उशिरा लागतं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "भिऊ नका अम्मा. आमच्याकडे एक म्हातारे मेस्त्री यायचे, मैसूरचे. त्यांनी एका मंत्र्याच्या गाडीचं चांगलं इंजिन फोडलं होतं. दर वेळी येऊन सांगायचे. म्हणून आम्ही फोडत नाही."

"नाव काय त्यांचं?" मी विचारलं.

"नाव नाही माहीत, अम्मा. असं करायचे." त्याने तेलकट अंगठा नाकासमोर उभा धरला.

मी त्याला काही सांगितलं नाही. म्हटलं, "मंत्र्याची गाडी? मग काय झालं?" आणि बाकावर टेकून ती गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली.